अंगठ्याखालचा श्वास

डेलमर कोगर नळीत फुंकायचा तेव्हा त्याचे गाल फुगत नसत. नवशिक्यांचे फुगतात. गाल फुगले की समजावं, वारा तोंडातला आहे, छातीतला नाही. डेलमरचा चेहरा हलायचा नाही. लांब लोखंडी नळीच्या दुसऱ्या टोकाला वितळलेली काच मात्र हळूहळू पोट धरायची.

ओहायो नदीच्या काठी, बेल्स फेरीच्या काच कारखान्यात तो शाळा संपताच लागला आणि साठीला टेकला तरी तिथेच होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या पट्ट्यात एके काळी नदीच्या प्रत्येक वळणावर काचेची भट्टी होती. आता ही एकच उरली होती. तोंडाने फुंकून मोठा नग काढणारेही हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि सगळ्यांत मोठा नग असला की नळी डेलमरकडेच यायची.

बघणाऱ्याला ते काम जोराचं वाटे. ते जोराचं नव्हतं. पहिली फुंकर अगदी थोडी. बाळाच्या डोळ्यातलं कुसळ उडवावं एवढीच. मग लगेच नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि थांबायचं. क्षणभर काहीच होत नाही. मग आत कोंडलेला श्वास काचेच्या उष्णतेनं तापतो, फुलतो, आणि लाल गोळ्याच्या पोटात एक बुडबुडा आपोआप उमलतो. तेव्हा कोणी फुंकत नसतं. माणूस नुसता अंगठा धरून उभा असतो. डेलमरनं हे उभं आयुष्य पाहिलं होतं. तरी तो बुडबुडा दिसला की चर्चमध्ये शिरताना टोपी काढावी तसं त्याला आतून व्हायचं. हे तो कोणाला बोलला नव्हता. बायकोला एकदाच बोलला. ओपल म्हणाली, "लग्नात माझ्याकडे असं बघितलं असतंस तर बरं झालं असतं."

ओपल शाळेची बस चालवायची. तिचं दिवसभर पोरं ऐकत, त्यामुळे घरी नवऱ्यानंही ऐकावं अशी तिची साधी अपेक्षा होती.

त्या कारखान्याची एक रीत होती. माणूस फुंकायला लागला की त्याचा पहिला धड गोळा कोणी फोडत नसे. नळीवरून उतरवताना त्याचं तोंड वितळवून बंद करायचं. श्वास आतच राहतो. तो गोळा आईला द्यायचा आणि आईनं तो स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगायचा. डेलमरचा गोळा हिरवा होता, मोसंब्याएवढा, एका बाजूला जरा बसलेला. आई गेल्यावर तो ओपलच्या खिडकीत आला. सकाळी कॉफी उकळताना त्यातून उजेड ओट्यावर पडायचा.

तो गोळा फुंकला तेव्हा डेलमरनं सिगारेटला हात लावलेला नव्हता. सिगारेट त्यानंतर आली. भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला बाहेर जाऊन बसायला काहीतरी निमित्त लागतं. ओपलचा भाऊ हार्लन त्याच टोळीत होता. भट्टीतल्या मडक्यात काच वितळते, ती तिथून नळीवर उचलून द्यायची, हे हार्लनचं काम. त्यानंच पहिली सिगारेट दिली, आणि पुढं दोघांनी नदीकडच्या भिंतीला टेकलेल्या बाकावर बसून किती पाकिटं संपवली त्याला गणती नाही.

मग एका हिवाळ्यात डेलमरला कारखान्याचा जिना चढताना मध्ये थांबावं लागलं. ओपलनं पोराला बसमध्ये घालावं तसं त्याला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर पेट्रेली बाईंनी त्याला एका यंत्रात फुंकायला लावलं. डेलमर मनात हसला. फुंकायचंच तर! पण बाईंनी आकडे पाहिले आणि पुन्हा एकदा फुंकायला लावलं. मग म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या, एवढं ओढणाऱ्या माणसाची फुंकर इतकी उरलेली मी पाहिली नाही. तुम्ही ती उरलेली जाळताय."

त्या संध्याकाळपासून सिगारेट बंद. पेट्रोल पंपावर एक व्हेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, मिळाला. काळी कांडी, वर प्लॅस्टिकची छोटी टाकी, आत दालचिनीच्या स्वादाचं लिक्विड. दुधाची तहान ताकावर भागवायची असं ठरलं. पण हे ताक घशाला लागलं.

आधी तोंड कोरडं पडू लागलं. सकाळी उठलं की जिभेवर करवतीचा भुसा असल्यासारखं वाटे. मग ओठ फाटले. नळीला लागणारे ओठ, त्यांना भेगा. मग तोंडाभोवती आणि गळ्यावर लाल पुरळ उठलं, त्याला रात्रंदिवस खाज. आणि खोकला. सिगारेटचा ओला, खोल खोकला त्याच्या ओळखीचा होता. हा कोरडा होता. घशात केस अडकल्यासारखा, काही निघत नाही आणि थांबतही नाही.

भट्टीपुढे घसा कोणाचा कोरडा पडत नाही? म्हणून त्यानं आधी भट्टीलाच दोष दिला आणि पाणी वाढवलं. हार्लनला मात्र मजा वाटली. त्याचं म्हणणं असं की सिगारेट बिचारी एवढी वर्षं मुकाट्यानं राहिली, घसा खाल्ला नाही, कातडी खाल्ली नाही, आणि या गड्यानं तिला टाकून अत्तराची बाटली ओढायला घेतली. कारखान्यात डेलमरला "आजी" म्हणायला सुरुवात झाली. आजीच्या केकचा वास येतो म्हणून.

एकदा दुपारी डेलमरनं व्हेप खिशातून काढला तर टाकीचं प्लॅस्टिक धुरकट झालेलं. बोट फिरवलं तर केसासारख्या बारीक भेगा लागल्या. उजेडाकडे धरून त्यानं ती बराच वेळ पाहिली. काच कशानं तडकते ते त्याला ठाऊक होतं. इथं आच नाही, धक्का नाही. नुसत्या दालचिनीनं आतून प्लॅस्टिक खाल्लं होतं. आणि हेच तो सकाळ-संध्याकाळ छातीत भरत होता. त्यानं ती टाकी तिथेच टाकून दिली.

दालचिनी गेली. ओठ जरा बरे झाले. पुरळ आणि खोकला जागेवरच.

याच सुमारास गावातल्या जुन्या नाट्यगृहाचं काम आलं. दाराशी तपकिरी काचेचे मोठे दिवे होते, याच कारखान्यात फार पूर्वी फुंकलेले. वादळात त्यातला एक फुटला. साचा माळ्यावर सापडला. कारखान्याची सूत्रं मर्ना लांट्झच्या हातात होती. ती स्वतः काच तोडत, घासत वर आलेली बाई. तिनं साचा पुसला आणि डेलमरला बोलावलं. जुन्या दिव्याशी जोडी जुळली पाहिजे, काच सगळीकडे सारखी जाड पाहिजे, आणि हे एका श्वासाचं काम आहे, असं ती म्हणाली. डेलमरनं मान हलवली.

ते काम असं असतं. हार्लन मडक्यातून काच तीनदा उचलतो, थरावर थर. नग जड होतो. डेलमर ओट्यावर उभा राहतो, खाली उघडलेल्या साच्यात तो लोंबता गोळा सोडतो, साचा मिटतो, आणि मग नळी बोटांत गरगर फिरवत एकसारखी लांब फुंकर. ओल्या साच्यातून वाफ उसळते. फुंकर तुटली तर काच एका बाजूला पातळ होते. आणि त्या नळीतून श्वास कधीही आत घ्यायचा नसतो. फुंकणारा माणूस आयुष्यभर नळीत फक्त सोडतो. डेलमरला व्हेपचं पहिलं नवल तेच वाटलं होतं. नळी तोंडाला, आणि वारा उलटा.

दिवा फुंकायच्या आदल्या आठवड्यात त्याला कोणीतरी सांगितलं की लिक्विडमध्ये दोन द्रव असतात, एक पातळ, एक दाट. पातळाला पीजी म्हणतात. दाट म्हणजे आपलं ग्लिसरीन. खाज सुटते ती पातळानं. डेलमरला हे पटलं. दाट-पातळ त्याला कळत होतं, त्यावरच तो जगला होता. त्यानं दाट बाटली आणली. वर ठळक अक्षरांत "मॅक्स ग्लिसरीन" लिहिलेलं, आणि पीचचा स्वाद. उलटी केली तर थेंब मधासारखा उतरला. तो खूश झाला.

पण त्या छोट्या यंत्रात ते दाट लिक्विड चढेना. धूर कमी, चव जळकी. मग डेलमरनं जे केलं ते काचवाल्याशिवाय कोणी केलं नसतं. काच घट्ट झाली, हलेना झाली, की काचवाला काय करतो? पुन्हा भट्टीत घालतो. आच दिली की ती सैल होते, वाहते. उष्णतेनं काच ऐकते. त्यानं व्हेपचं बटण दाबून आच वाढवली. चव आणखी जळकी झाली. त्यानं आणखी वाढवली. आगीतून उठून फुफाट्यात जाणं म्हणतात ते हे.

दिव्याच्या दिवशी हार्लननं काच सुरेख उचलून दिली. पहिली फुंकर, अंगठा, बुडबुडा, सगळं ठीक. गोळा साच्यात उतरला. साचा मिटला. डेलमरनं श्वास भरला, लांब फुंकर सुरू केली, वाफ वर आली, आणि घशातला तो केस हलला.

खोकला त्यानं दाबला. छातीत दाबला, पोटात दाबला, डोळ्यांतून पाणी आलं. मग तो सुटलाच. नळी ओठावरून निसटली. साचा उघडला तेव्हा आतला दिवा एका बाजूनं कागदासारखा पातळ होता, आणि सगळ्यांच्या देखत ती बाजू आत बसली.

कोणी आजी म्हणालं नाही. तेच जास्त लागलं.

मर्नानं त्याला बाजूला घेतलं. आता मडक्यात हिरवी काच शिजणार, ती ऑर्डर संपली की पुन्हा तपकिरी. तोवर त्यानं घसा ठीक करावा. नाही झाला तर दिवा दुसऱ्या राज्यात जाईल, आणि डेलमर थंड खोलीत, घासायच्या चाकांवर. तिनं हे रागानं सांगितलं नाही. वरून एवढंच म्हणाली, "चाकावर फुंकावं लागत नाही, डेल. तिथं पण माणसं चांगली आहेत."

म्हणजे नळी जाणार. किंवा घसा परत जुन्या सिगारेटच्या हवाली करायचा, आणि मग नळी जरा उशिरा जाणार, पण जाणारच. डेलमरपुढं एवढाच हिशेब होता.

डॉक्टर पेट्रेलींनी छाती ऐकली. छातीत काही वाईट वाजत नव्हतं. घसा लाल होता, कातडी भडकलेली होती. त्यांनी व्हेप ठेवायला सांगितला आणि दंडावर चिकटवायची निकोटिनची पट्टी दिली. पुरळ गेलं तर दोष निकोटिनचा नाही, लिक्विडमधल्या दुसऱ्या कशाचा तरी आहे, असं त्या म्हणाल्या. नेमकं कशाचं ते मला अजून सांगता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. "सगळ्यांत चांगलं म्हणजे काहीच न ओढणं. सगळ्यांत वाईट म्हणजे परत सिगारेट. मधल्या रस्त्यानं जायचं असेल तर बघून पाय टाका."

पट्टी लागली आणि पुरळ उतरलं. आठवडाभरात गळा कोवळ्या पोरासारखा साफ झाला. खोकलाही गेला. मानेवरून हात फिरवत डेलमर आरशासमोर उभा राहायचा. कातडीला हे कसं कळतं, याचं त्याला नवल वाटे. एवढ्या वर्षांचा धूर तिनं पोटात घातला, आणि बाटलीतल्या कसल्याशा द्रवाला दारातच अडवलं.

पण पट्टीनं रक्त भागलं, तोंड भागलं नाही. उभं आयुष्य नळीला लागलेलं तोंड ते. त्याला काहीतरी लागायचं. तो पेन्सिल चावायचा, काड्या चावायचा, जेवणाच्या सुट्टीत पेपरोनी रोल दोन घास खाऊन ठेवून द्यायचा आणि बाकावर बोटं वाजवत बसायचा.

एक दिवस हार्लननं पाकीट पुढं केलं. डेलमरनं त्यातली एक काढली. ओठांत धरली. ओठांना ती एवढी नीट बसली की त्याला रडू यायचं बाकी होतं. हार्लननं लायटर काढला.

"पेटवू?"

लायटर पेटला. डेलमर ज्योतीकडे जरासा झुकला.

"लाजू नकोस गड्या," हार्लन म्हणाला. "नाहीतर असं कर. घरी जा, खिडकीतला तो हिरवा गोळा फोड आणि नाक लावून ओढून घे. तुझ्याकडचा चांगला श्वास तेवढाच शिल्लक आहे."

तो आपल्या विनोदावर हसला आणि हसता हसता खोकू लागला, त्याचा तो ओला, खोल खोकला. लायटरची ज्योत त्यानंच विझली. डेलमरनं सिगारेट ओठांतून काढली, हार्लनच्या शर्टाच्या खिशात परत ठेवली, वर खिसा थोपटला, आणि उठून कामाला गेला.

पण घरी गेल्यावर तो खिडकीपाशी उभा राहिला. बसक्या बाजूचा हिरवा गोळा दोरीवर जरासा फिरत होता. आजवर त्यानं त्यात काच पाहिली होती. आज आत पाहिलं. आत काहीच दिसत नव्हतं, आणि तेच तर सगळं होतं. ज्या पोराच्या छातीत अजून धूर गेला नव्हता, त्याचा एक श्वास. काच निवताना तो आक्रसला असणार, पण तिथेच होता. आई गेली, भट्ट्या बंद पडल्या, पूल वाहून गेला आणि नवा झाला. तो श्वास कुठं गेला नव्हता.

"भांडी घासायची आहेत की नुसतं बघायचंय?" ओपलनं मागून विचारलं. त्यानं हार्लनचं बोलणं सांगितलं. ती आपल्या भावाला एक शब्द लावून मोकळी झाली, मग हात पुसले आणि गाडीची किल्ली घेतली.

तिच्या बसमधल्या एका पोराची आई, रोंडा स्किडमोर, धोबीघराशेजारी व्हेपचं दुकान चालवायची. त्याआधी अनेक वर्षं ती केस कापायची, रंगवायची. रंगांनी तिचे हात सोलून निघाले म्हणून ते काम सोडलं. कोणाच्या कातडीला काय चालत नाही हे शोधायची सवय मात्र सुटली नव्हती. तिनं डेलमरची सगळी हकिगत ऐकून घेतली. मग विचारलं ते भलतंच.

"काखेत लावायची कांडी चालते का रे तुला?"

ओपलच हसली. "याला? लग्न झाल्यापासून मी घामाचा वास सोसतेय. कांडी लावली की लाल चट्टे."

"आणि दुकानातल्या केकवरचं क्रीम?"

ओपलचं हसणं थांबलं. दर वाढदिवसाला डेलमरच्या ओठांना खाज सुटायची. ते दोघं रंगाला दोष देत आले होते.

रोंडा म्हणाली की तो पातळ द्रव अशा बऱ्याच गोष्टींत असतो. केस रंगवण्याआधी ती कानामागं एक ठिपका लावून बघायची, तसं तिनं डेलमरच्या एका कोपराच्या आत पातळाचा थेंब चोळला, दुसऱ्याच्या आत ग्लिसरीनचा. ही काही डॉक्टरी तपासणी नाही, दवाखान्यात दाखव, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका हातावर लाल टिकली उठली होती. दुसऱ्यावर काही नव्हतं. डॉक्टर पेट्रेलींनी ती टिकली पाहिली आणि म्हणाल्या, यावरून पक्कं म्हणता येणार नाही, पण सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय.

डेलमरला मात्र एक गोष्ट पटेना. त्यानं मॅक्सची बाटली रोंडाच्या काउंटरवर ठेवली. "मी तर दाटच घेतलं होतं."

"मॅक्स म्हणजे जमेल तेवढं," रोंडा म्हणाली. "सगळं नव्हे. बाटलीत ग्लिसरीन जमेल तेवढं घातलंय. पण पीच कशात विरघळवून घालतात? त्याच पातळात. तू पुढच्या दारानं हाकललंस, ते मागच्या दारानं आलं."

डेलमर बाटलीकडे बघत राहिला.

"आणि ते चढत नव्हतं तेव्हा काय केलंस?"

"आच दिली."

"का?"

"घट्ट होतं म्हणून. घट्टाला आच देतात."

रोंडानं त्याचं यंत्र उघडलं, आतली छोटी कॉइल, म्हणजे तापणारी तार, चिमटीनं काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. मधला कापूस कोळशासारखा काळा होता. "काच नाही रे ही. कापूस आहे. कापूस तापवून पातळ होत नाही. जळतो. तू जळका कापूस ओढत होतास."

डेलमरनं तो काळा तुकडा बोटांनी चुरला. आयुष्यात त्यानं हात लावलेली प्रत्येक गोष्ट आचेनं उघडली होती. आचेनं बंद होणारी ही पहिलीच. त्याला हसू आलं. मग तो मोठ्यानं हसला, आणि हसताना खोकला आला नाही हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

रोंडानं मोठ्या भोकांची कॉइल दिली, दाट लिक्विड शिरेल अशी. टाकी काचेची. काचवाल्याच्या हातात प्लॅस्टिक बघून मलाच लाज वाटत होती, असं ती म्हणाली. लिक्विड स्वादाशिवाय, निकोटिनसुद्धा ग्लिसरीनमध्येच मिसळलेलं. आच अगदी कमी. भरलं की आधी मुरू द्यायचं. "एकदा थोडंसं ओढायचं आणि थांबायचं. कापसाला प्यायला वेळ दे. ग्लिसरीनही तोंड कोरडं करतं, पाणी पीत जा. आणि एका वेळी एकच बदल कर, म्हणजे काय बाधलं ते कळेल. सगळं ठीक वाटलं की निकोटिन कमी करत आण. हे औषध नाही. डॉक्टरबाईंचं खरं आहे."

थोडंसं, आणि थांबायचं. डेलमरचा अंगठा आपोआप वर आला, नळीवर ठेवावा तसा.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. डेलमर तसाच वागला. पट्टी काढली तेव्हा पहिल्या दिवशी थोडंच ओढलं आणि आरसा पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्वाद कसलाच नव्हता, गरम हवेची चव असेल तर तेवढीच. हार्लननं विचारलं काय लागतं ते. डेलमर म्हणाला, काहीच नाही. हार्लन म्हणाला, एवढी वर्षं कष्ट करून माणूस 'काहीच नाही' ओढायला शिकला. गळा साफ राहिला. ओठांच्या भेगा मिटल्या. कॉफी निम्म्यावर आली, पाणी वाढलं. कोरड पडायची, पण तो केस घशात परत आला नाही.

हिरव्या काचेची ऑर्डर संपली. मडक्यात तपकिरी काच शिजली.

त्या सकाळी हार्लननं काच उचलली तशी त्यानं कधी उचलली नसेल. पहिला थर, नळी फिरवत, एक फुगा आत नाही. दुसरा थर. तिसरा. घामानं त्याचा शर्ट अंगाला चिकटला, पण नळी एकसारखी फिरत राहिली. नळी डेलमरकडे देताना म्हणाला, "घे, आजी," आणि मागं सरला.

डेलमरनं थोडंसं फुंकलं. अंगठा ठेवला. थांबला. गोळ्याच्या पोटात बुडबुडा उमलला.

ओट्यावर चढून त्यानं गोळा साच्यात सोडला. साचा मिटला. श्वास भरला, तळापासून, घाई न करता. मग सोडायला लागला. नळी बोटांत फिरत होती. वाफ वर आली आणि त्याचं तोंड झाकलं गेलं. बाकीच्यांना फक्त फिरणारी नळी आणि दोन हात दिसत होते. मर्नाचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. वाफेत तो श्वास जात राहिला. सरळ, सारखा, तुटला नाही. आता संपेल असं प्रत्येकाला वाटलं आणि तो संपला नाही. आत काचेला साचा भेटला तो क्षण डेलमरला ओठांवर कळला. तिथं त्यानं थोडं जास्त धरलं, आणि सोडलं.

साचा उघडला. आत दिवा होता. तपकिरी, गोल, तापलेला, चारी बाजूंनी सारखा. जुना दिवा मापाला आणून ठेवलेला होता. मर्नानं एकदा नव्याकडे पाहिलं, एकदा जुन्याकडे. मग तिनं डोक्यावरची टोपी काढली. बहुधा घाम पुसायला. पण पुसला नाही, टोपी हातातच धरून उभी राहिली.

दिवा सावकाश निववायच्या लांब भट्टीत गेला. मडक्यात काच उरली होती. मर्ना म्हणाली, डेल, एक गोळा काढ. तोंड बंद करून. ओपलच्या खिडकीसाठी. रीत फक्त पहिल्या गोळ्याची असते, पण हाही एक पहिलाच समजू.

हार्लननं काच उचलायला नळी घेतलीसुद्धा होती.

डेलमरनं मान हलवली. खिशातल्या यंत्रावर हात ठेवला. "अजून नाही."

"का रे?"

"श्वास आत बंद करायचा तर साफ पाहिजे."

कोणी आग्रह केला नाही. जेवणाच्या सुट्टीत दोघं बाहेर आले. हार्लननं सिगारेट पेटवली, पण आपल्या नेहमीच्या बाकावर बसला नाही. वारा पाहून पलीकडे, धूर डेलमरकडे जाणार नाही अशा बाजूला जाऊन बसला.

संध्याकाळी डेलमरनं घरी दिव्याचं सांगितलं, आणि न काढलेल्या गोळ्याचंही. ओपलनं ऐकलं. मग हातोडी आणली आणि खिडकीच्या चौकटीत, हिरव्या गोळ्याशेजारी, एक खिळा ठोकला.

नाट्यगृहाचे दिवे आता पुन्हा जोडीनं लागतात. ओपलच्या खिडकीतला तो खिळा अजून रिकामा आहे. सकाळी उजेड आला की हिरव्या गोळ्याची सावली ओट्यावर पडते, आणि तिच्याशेजारी खिळ्याची.